फुंकर

मला आधी वाटलं, आत कुणीतरी विडी ओढतंय.
मिरजेच्या दवाखान्यात पडद्यावर माझ्या लेकीचं डोकं,
कवटीच्या तळाशी दोन जाड शिरा
वर चढता चढता निमुळत्या झालेल्या, संपलेल्या,
आणि त्यांच्या टोकाशी धूर.
जपानीत याला मोयामोया म्हणतात, डॉक्टर म्हणाले.
सन्मती खुर्चीत पाय हलवत म्हणाली, मऊमऊ.
तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव मऊमऊ.

सात वर्षांची होती.
फुगा फुगवताना डावा हात लोंबला,
फुगा सुटून फुर्र करत खोलीभर फिरला,
सगळी पोरं हसली. तीही हसली, अर्ध्या तोंडानं.
दहा मिनिटांनी हात परत आला.
आम्ही म्हटलं अशक्तपणा. खजूर आणले.

मग नियम आले.
फुगा नाही, पिपाणी नाही,
गरम दूध फुंकायचं नाही, ताटलीत ओतून पंख्याखाली ठेवायचं.
आणि तिला रडू द्यायचं नाही.
हे तेवढं लिहून द्या, मी म्हटलं, घरी कुणाला पटायचं नाही.
त्यांनी लिहिलं: रडणे टाळावे. खाली सही, शिक्का.
कागद फ्रिजवर.
शाळा बुडवायची असली की ती नुसती त्या कागदाकडे बघायची.

कानापुढची, कातडीखालची एक शीर सोडवायची,
तोडायची नाही,
मेंदूवर नुसती निजवायची. पुढचं तीच बघते.
मणेराजुरीत पंचवीस वर्षं द्राक्षाची कलमं बांधणारा माझा नवरा
चार दिवसांत पहिल्यांदा बोलला,
"डोळे किती दिवसांनी फुटतात?"
डॉक्टर दचकले. नजरेला काही धोका नाही, म्हणाले.

ऑक्टोबर छाटणी उरकून परत गेलो.
निजवलेल्या शिरेतून बारीक बारीक फुटवे
हाडाच्या फटीतून आत उतरलेले,
काडीला काडी, तिला आणखी काडी,
धूर विरळ.
भरतेश बोट लावून मोजत गेला. अकरापर्यंत.
मग त्यानं चष्मा काढून पुसला, आणि परत घातलाच नाही.

आता तुमचंही बघून घेऊ, डॉक्टर मला म्हणाले.
घरातल्यांचं बघतात म्हणे.
माझाही धूर निघाला. जुना.
भांडी घासताना हात बधिर व्हायचा,
त्याचा आळ मी साबणावर घातला होता.

लहान मुलांचा मेंदू उपाशी राहिला की हाका मारतो,
शिरा धावत येतात.
मोठ्यांच्यात कमी येतात, कधी येतच नाहीत,
आणि धुरातल्या शिरा इतक्या पातळ, की फुटतात.
फुटतात.
तोच शब्द.
बागेत तो ऐकायला आम्ही उजाडायच्या आत बांधावर जातो.

माझी शीर नुसती निजवून भागलं नाही,
केसाहून बारीक दोऱ्यानं जोडावी लागली.
वर्षानं पडद्यावर जोड चालू होता,
नवे फुटवे दोन. तिसरा असला तर असला.
"एवढ्या जुन्या बागेला एवढं फुटलं तरी पुष्कळ,"
भरतेश बोलून गेला.
मग एसटीत तासगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.
स्टँडवर उतरताना म्हणाला, मी बागेचं बोलत होतो.
मी म्हटलं, मग मी कशाचं समजले?

परवा फ्रिजवरचा तिचा कागद काढला. माझा राहिला.
माझ्या कागदावर रडण्याचं काही लिहिलेलं नाही,
मोठ्यांचं बहुतेक धरूनच चालतात.

सकाळी थंडी होती. चहा वाफाळत होता,
मी ताटली शोधत होते.
सन्मतीनं कप स्वतःकडे ओढला,
दोन्ही गाल फुगवून फुंकर घातली.
मी तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.
हात कपाच्या कानाला घट्ट.
वाफ वाकडी झाली, साय एका कडेला सरकली.
पुन्हा एक. पुन्हा एक.

"घे," ती म्हणाली.

पार गार करून ठेवला होता कार्टीनं.
प्यायले.