खळ

साखर पेठेत आमची लॅब आहे.
पत्त्यावरून पेशंट हसतात, मीही हसते,
बावीस वर्षं, रोज एकदा.
सकाळी साडेसहाला उपाशी पोटांची रांग.
एप्रिल. फरशी आत्ताच कोमट.
बाही वर घ्या, मूठ आवळा, झालं, कापूस दाबून धरा.

आज चौथा नंबर नायनांचा.
टोपी काढून बसले, परक्यासारखे.
मी नाव विचारलं, फॉर्मवर लिहायचं असतं म्हणून.
"राजमल्लू नरसय्या येमूल. वय अडुसष्ट.
तुला माहीत नाही होय गं?"

नळी मशीनमध्ये गरगरून थांबली.
लाल खाली बसलं. वर
पिवळं, आरपार दिसेल असं यायला हवं होतं.
आलं पांढरं.
खळ.

तीच, जी त्यांनी अक्कलकोट रोडच्या सायझिंगमध्ये
एकतीस वर्षं शिजवली,
वाफेत, उघड्या अंगानं.
सूत तिच्यातून ओढायचं, वाळवायचं,
म्हणजे मागावर तुटत नाही.
कमी पडली की धाग्याला लव सुटते,
जास्त झाली की धागा ताठून मोडतो.
नायना चिमटीत धरून सांगायचे, डोळे मिटून.

नळी उजेडात धरून मी उभी राहिले.
पलीकडचं कॅलेंडर दिसत नव्हतं.

रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड ठळक अक्षरांत, पुढे चांदणी.
एलडीएल एकशे चोवीस, साधंच, चांदणी नाही.
सादुल डॉक्टरांनी पेन काढलं
आणि दुसरा गोल ओढला तो
बिनचांदणीच्या आकड्याभोवती, जास्त दाबून.
"छापलेला कॉलम बाकीच्यांचा.
चौदा वर्षं साखर असलेल्या माणसाला
हे सत्तरच्या खाली हवं."

चांदणी नाही ना, मग निवांत घरी जा,
असं काउंटरवरून किती जणांना म्हटलं असेल मी.

"पण साखर माझी एकशे अठरा आली,"
नायना म्हणाले, पोरानं पाटी दाखवावी तसे.
"आणि छातीत कधी दुखलं नाही."
डॉक्टर जरा थांबले.
"साखरवाल्यांचं तेच असतं काका.
सांगणाऱ्या नसाच कधी कधी झोपलेल्या असतात."

येताना जोडबसवण्णा चौकात रिक्षा थांबली.
मल्लेशम कोडमचं दुकान. आता तिथं मोबाइलची कव्हरं.
त्याला नुसता घाम आला होता, करपट ढेकर.
गोटी सोडा प्यायला, बरं वाटतंय म्हणाला,
शटर अर्धं ओढून आडवा झाला.
ऊन लागलं, म्हणाले सगळे.
आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो
आणि रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांचं बोललो.

जेवताना आईनं कडक भाकरी वाढली,
शेंगाचटणीवर तेलाची वाटी धरली, मागे घेतली.
"मग आता खळ खाऊ काय?" नायना म्हणाले.
आई हसली.
मी त्यांना नळीबद्दल सांगितलेलं नाही.

रात्रीची गोळी नवीन आहे.
तिच्या पाकिटावर त्यांनी पेन्सिलीनं तारखा घातल्यात,
पूर्वी बीमवर घालायचे तशा.
मी विचारत नाही. विचारलं की "घेतली" म्हणतात.
ते झोपले की पाकीट दिव्याखाली नेते,
रिकामी घरं बोटानं चाचपते,
त्यांनीच शिकवलेलं मोजते, सुताचं मोजणं,
ओकटी, रेंडू, मूडू...

नऊ.
दहा हव्या होत्या.
पुन्हा मोजते.