इंग्रजी येत नाही

अव्हीमोरच्या वरचा उतार. आज रुग्ण व्हायची पाळी माझी.
गळ्यात कार्ड : मांडीचं हाड मोडलंय, तीन तास बर्फात,
इंग्रजी येत नाही.
मोरागनं पँटवर बीटाचा रस ओतला,
म्हणाली, नीट कण्ह.

मग वारा, आणि बराच वेळ कुणीच नाही.

कॅलम आला धापा टाकत.
काय काय विचारत राहिला.
मी मराठीत सांगितलं :
पाय ठीक आहे रे, कमरेखाली दगड टोचतोय,
आणि मार्चमध्ये, सात नंबरच्या खाटेपाशी
मी उशिरा पोचले.

त्याला काही कळलं नाही.
दातांनी हातमोजा ओढून
दोन उघडी बोटं त्यानं माझ्या मानेवर टेकवली,
पुटपुटत मोजू लागला.

कुडकुडतेय अजून,
मागे वळून ओरडला तो,
म्हणजे वेळ आहे.