नाना सोडून सगळे उतरा

गतिरोधक हा शब्द महापालिकेचा.
आमच्या घरात त्याला स्टेशन म्हणतात.
स्टेशन आलं की अच्युत गाडी थांबवतो, म्हणतो, उतरा,
आणि आम्ही उतरतो:
मांडीवर दळणाचा डबा घेतलेली मी,
मागच्या फळीवरून सई आणि तनय, त्यांची दप्तरं,
हलकी झालेली गाडी तिरकी होत होत
एक चाक, मग दुसरं, पोट वाचवत पलीकडे जाते.
आम्ही चालत जाऊन पुन्हा बसतो.
सहकारनगर ते टिळक रोड, अशी अकरा स्टेशनं.
ओळखीचा रिक्षावाला आता हॉर्न वाजवत नाही. मोजतो.

सत्तर सालची एमजी, कढीपत्त्याच्या रंगाची,
तारांची चाकं, दोन दारं, दोनच सीटा.
कॅम्पातल्या मिस दिनशॉंनी कमी पैशात दिली, एका अटीवर:
"गाडी रोज चालली पायजे. नायतर मला परत."
दुसरी घ्यायला पैसे उरले नाहीत,
म्हणून हिच्यातूनच सिलिंडर,
हिच्यातूनच दिवाळीच्या किल्ल्याची माती,
हिच्यातूनच गौरींचे मुखवटे, पट्टा लावून.
टप गळतो तो नेमका माझ्या डाव्या खांद्यावर.
नातलग म्हणतात, केवढी हौस.
सोसायटीचे फडणीस विचारतात,
"विकायचीय, का अशीच?"

नानांनी पहिल्या दिवशी बॉनेटला कान लावला होता.
चौतीस वर्षं पिंपरीच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस.
"खर्च आहे," एवढंच म्हणाले
आणि हात पुसत आत गेले.

मग चैत्रात त्यांची उजवी बाजू गेली. आणि शब्द.
घरातल्या सगळ्याला मिळून एकच उरला: ते.
चहा ते. खिडकी ते.
मीही ते.

आठवड्यातून तीनदा डेक्कनला, फिजिओकडे.
रिक्षात चढवायला दोन माणसं लागतात.
या गाडीत चढवायचं नसतंच, नुसतं सोडायचं,
बूड आपोआप रस्त्यापाशी पोचतं.
(बाहेर काढणं वेगळं. त्याला वॉचमन लागतो.)
माझी सीट गेली. मी मागून स्कूटीवर.
स्टेशनाला अच्युत ओरडतो, नाना सोडून सगळे उतरा,
पोरं उड्या मारतात,
आणि मी पुढे जाऊन वाकते, गाडीच्या पोटाखाली बघते,
हाताने ये, ये, अजून, बास.

एका मंगळवारी, दांडेकर पुलाच्या सिग्नलला,
टप उघडा, इंजिन नुसतं चालू,
नानांनी डावा हात उचलून डॅशबोर्डवर ठेवला.
मान तिरकी केली, कामावर करत असतील तशी,
आणि चिडून, स्वच्छ, म्हणाले:
"टॅपेट."

सिग्नल सुटला. आम्ही नाही.
मागे अख्खा दत्तवाडी रस्ता हॉर्न वाजवत होता.
"दोन नंबर," नाना म्हणाले. "सैल."

संध्याकाळी नाना पेठेतून शब्बीर मिस्त्री आले,
ऐकलं, हसले, बरोबर आहे म्हणाले,
अर्ध्या तासाचं काम. पाने काढून ओळीत मांडले.
अच्युतने त्यांना चहा पाजला, दोनशे रुपये दिले
आणि काही न करता परत पाठवलं.

तीन महिने झाले. दोन नंबर वाजतोय.
मिस दिनशॉंना कळलं तर गाडी काढून घेतील.
नाना रोज तक्रार करतात,
कधी एखादा शब्द जास्त, कधी नुसतंच ते, ते,
आणि डॅशबोर्डवर बोटांनी ठोकत राहतात.
काल लक्ष्मीनगरच्या स्टेशनाला मी वाकलेली असताना
वरून आवाज आला,
"पाना दे गं, वृंदा."

माझ्याकडे पाना नव्हता.
स्कूटीला अडकवलेल्या पिशवीत कोथिंबीर होती, ती दिली.
नानांनी जुडी उजेडात धरली,
मापात आहे का बघितली,
आणि परत केली.