लादीच्या मधलं पांढरं

साडेअकराला तिसरा तांडेल काउंटरवर मूठ आपटतो:
माझ्या पंचवीस लाद्या कुठे गेल्या?
एका फोनवर शेठ, दुसऱ्यावर वीजमंडळ,
क्रशर बंद, धक्क्यावर सुरमईचा टेम्पो उन्हात,
वहीत कालची उधारी आजच्या पानाला चिकटलेली,
आणि शाळेचा निरोप: मुलाला ताप आहे, घेऊन जा.
माझ्या कानात तेव्हा एक बारीक शिट्टी सुरू होते.

पेन वहीत ठेवते, खुणेला.
दोन मिनिटं, म्हणते, कोणाकडेच न बघता,
आणि मागच्या जाड दाराची कडी वर ढकलते.

आत अंधार. अमोनियाचा झणका,
ओलं गोणपाट,
एकावर एक लाद्या,
ज्यांना माझ्याकडून काही नको आहे.
चपला काढते. का, ते माहीत नाही.
दोन्ही तळवे लादीवर टेकते आणि मोजते.
सातला गार.
बाराला बोचतं.
अठराला हात माझे राहत नाहीत.
विसाला उचलते, मानेवर ठेवते, कानांमागे.
शिट्टी थांबत नाही, लांब जाते,
मिरकरवाड्याहून सुटलेल्या होडीच्या इंजिनासारखी:
ऐकू येतं, पण आता ते दुसऱ्या कोणाचं.

रोज जमतं असं नाही.
परवा सातलाच रडू फुटलं,
आणि कोपऱ्यात आकडा घेऊन बसलेले हसनमियाँ सोलकर
छताकडे बघत राहिले, जुन्या माणसाच्या शहाणपणाने.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
बाय, ही लादी बघ. कडेला काच.
मधेच पांढरी का सांग.
पाणी बाहेरून आत गोठत येतं,
हवा बिचारी सरकत सरकत मधे जाते
आणि तिथे कोंडते.
त्यांनी आकड्याने एक कोपरा उडवला.
कान लाव.
लावला. आत तडतड,
शेजारच्या घरात मोहरी फुटावी एवढीच.

आज परत आले तर तांडेल तिथेच, मूठ तशीच.
बिलाच्या आधी मी त्याच्यापुढे बर्फाचा खडा धरला.
हे काय?
धरा. विसापर्यंत मोजा.
त्याने मला एक शिवी दिली, पण मूठ उघडली.
नऊपर्यंत गेला. मग खडा तोंडात टाकला
आणि कडाकडा चावत म्हणाला,
बावीस असतील गो. तीन मीच परवा नेल्या.

शाळेला फोन लावला: निघालेच.
वही मिटताना ओलं बोट लागलं,
उधारीतला तीन पसरून आठ झाला.
पूर्वी अशा वेळी पान फाडायचे.
आज त्यावर एक आडवी रेघ मारली,
शेजारी पुन्हा तीन लिहिला,
आणि शाई वाळेपर्यंत
उभी राहिले.