तीनच प्रश्न

विमा कंपनीच्या ॲपमध्ये एक हिरवं बटण आहे:
दुसरं मत. मोफत. पाच दिवसांत.
महापेच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत,
डबा न उघडता मी ते दाबलं.

रुग्णाचं नाव: लडकू चांगो मढवी.
वय एकाहत्तर, आधार कार्डाच्या मते.
बाबांच्या मते, मोठी खांड पडली त्या सालचा जन्म.
राहणार गोठिवली.

झडप आवळत चाललीय, लवकर बदलावी लागेल,
असं ऐरोलीच्या हॉस्पिटलात मुकादम बाई म्हणाल्या होत्या.
बाबांना झडप कळली नाही,
उघाडी कळली.
बांधात बसवलेलं लाकडी दार,
भरतीला मिटायचं, सुकतीला उघडायचं.
पन्नास वर्षं तेच केलंय त्यांनी,
आधी भातासाठी,
मग जमीन सिडकोत गेल्यावर
उरलेल्या तळ्यातल्या कोळंबीसाठी.
जमीन मोजली तेव्हा
दुसऱ्या मताचा रकाना नव्हता कुठल्याच कागदावर.

इको. अँजिओ. रक्ताचे सात कागद.
फोटोवर सावली पडू देऊ नका.
लक्षणं: योग्य त्या चौकटीत खूण करा.
छातीत दुखतं? नाय.
चक्कर? नाय.
धाप?
"नाय गो. म्हाताऱ्याला लागतं तितकं."
तितकं साठी चौकट नव्हती.
मी नाही वर टिचकी मारली.

तज्ज्ञांसाठी प्रश्न, जास्तीत जास्त तीन.
पहिला मी लिहिला: शस्त्रक्रिया टाळता येईल?
दुसराही मीच: थांबलो तर किती थांबायचं?
तिसरा बाबांनी मागून घेतला.
"इचार त्याला,
भरतीलाच दम कनाला भरतं, सुकतीला नाय?"
मी आधी ते शुद्ध केलं, मग इंग्रजी केलं.
सुकती त्यात कुठेतरी निसटली.

पाचव्या दिवशी पत्र. खाली लांबच्या शहरातली सही.
एक: हो, तूर्त टाळता येईल, कारण लक्षणं नाहीत.
दोन: सहा महिने, मग पुन्हा इको.
तीन: प्रश्नाचा संदर्भ स्पष्ट नाही.
तळाशी बारीक अक्षरात:
रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही.

बरं वाटलं. रात्री वाटेनासं झालं.
कापलं तर हॉस्पिटलचं मीटर पळणार,
नाही कापलं तर कंपनीचे सव्वाचार लाख वाचणार,
आणि कुणाचं मत कुठल्या खिशातून आलंय
हे इकोच्या काळ्यापांढऱ्या धुक्यात
मला काही केल्या दिसेना.

मुकादम बाईंनी ते पत्र चष्मा वर सरकवून वाचलं.
रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, लक्षणं नसतील तर हे बरोबरच आहे.
मला शंका होती, पण काका मलाही नाहीच म्हणाले.
मग तिसऱ्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं.
"भरतीला काय करता तुम्ही?"
"दार टाकाया जातंय."
"कुठून?"
"बांधावरशी. चढून."
"आणि सुकतीला?"
"सुकतीला कनाला चढू? चिखलातनं सरळ."
"चढताना थांबता?"
"मधल्या खुंटीपाशी. दोनदा.
गेल्या साली नव्हतो थांबत."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.
मी मोबाईलमध्ये ती चौकट शोधत होते,
माझ्याच अंगठ्यानं भरलेली.

मंगळवारची तारीख मिळाली.
मंजुरीच्या फॉर्मवर या वेळी धाप: हो.
रिक्षात मी त्या लांबच्या डॉक्टरला बोल लावला,
सोपं होतं ते.
बाबा म्हणाले, "त्याचा काय चुकला?
त्याला बांध कुनी दावला?"

रबाळ्याच्या सिग्नलला विचारलं, मंगळवारी भरती कितीला.
मी बघून सांगितलं, दोन वाजून दहा.
दार कोण टाकणार, हे त्यांनी विचारलं नाही.
माझ्या सँडलकडे बघितलं फक्त.