मंगळवारी जन्मलेलं गाव

देपालपूरच्या तहसिलीत रेकॉर्डच्या खोलीची किल्ली
शुक्लाबाबूंच्या जानव्याला असते,
आणि शुक्लाबाबू जेवायला गेलेले असतात.

ही माझी तिसरी खेप.
गंगवालवरून सकाळची बस,
पिशवीत अर्ज, शपथपत्र, कोर्टफीचं तिकीट
आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या.

आई मास्तरीण होती, बत्तीस वर्षं.
ऐंशी भरली की पेन्शन वाढते.
आई म्हणते, भरली.
सरकार म्हणतं, अजून दोन वर्षं आहेत,
कारण शाळेत घालताना हेडमास्तरांनी
अंदाजानं साल लिहिलं आणि पुढे एक जुलै.
वर्गात सव्वीस मुलं,
सव्वीसच्या सव्वीस एक जुलैची.
आई हसून सांगते, आमचे सगळ्यांचे वाढदिवस
लिमलेटच्या एका पुडीत भागायचे.

घरातली तारीख निराळी, तिला आकडा नाही.
गणगौर बोळवून बायका विहिरीवरून परतल्या,
हातातले जवारे अजून ओले होते,
तेव्हा.
साल म्हणाल, तर अफू गारांनी झोडपली ते.
अर्जात असा रकाना नाही.

शुक्लाबाबू आले, ढेकर देऊन किल्ली सोडवली.
"संवत बताव भिया, सन से नी मिलेगा."
मांजरपाटात बांधलेले बस्ते,
त्यांत कडुनिंबाचा पाला, हात लावताच भुगा.
संवत अठ्ठ्याण्णव. मौजे बोरखेडी.
होळकर सरकारचा शिक्का, शाई आता चहाच्या रंगाची.

बोट खाली खाली नेत होतो, ते तारखांपाशी अडलं.
एक, आठ, पंधरा, बावीस.
पान उलटलं, तिथंही सात-सात दिवसांच्या उड्या.
अख्खं गाव मंगळवारी जन्मलेलं!
शुक्लाबाबूंना नवल नाही.
मंगळवारी गौतमपुऱ्याचा हाट,
चौकीदार हाटाला यायचा तेव्हाच ठाण्यात लिहवून जायचा.
मेलेलेही
मंगळवारपर्यंत थांबत.

मग ती ओळ.
बळवंत सरमुकादम, दक्षिणी ब्राह्मण, मदरशाचे मास्तर.
मुलगी. जिवंत.
नावाच्या जागी आडवी रेघ.
बारशाआधीच ठाण्यात पोचलेली माझी आई
अजून द्वारका नव्हती,
अजून कुणीच नव्हती,
फक्त जिवंत होती.

शेवटचा रकाना, खबर देणारा:
नंदा वल्द हीरा, बलाई, चौकीदार.
आणि अंगठा.
रुंद, मधून तिरकी चीर गेलेला,
विळ्याची असेल.
प्रत्येक मंगळवारी तीच चीर, त्याच जागी.

हा आमच्या ओट्याखाली उभा राहिला असेल.
"कंई हुयो?" विचारलं असेल
कुणाच्याही अंगावर सावली पडणार नाही इतक्या लांबून.
कुणी वरून पाणी ओतलं असेल त्याच्या ओंजळीत,
किंवा नसेलही.
मग चार कोस चालला,
डोक्यात तीन जन्म, एक मरण, पटलाची हरवलेली गाय.
लिहिता येत नव्हतं
म्हणून वाटभर पुटपुटत,
मास्तर की छोरी, जीवती. मास्तर की छोरी, जीवती.
आईला पहिली हाक
बहुतेक हीच.

"नाव कोरं आहे," शुक्लाबाबू म्हणाले,
"ही तुमचीच आई कशावरून?
रेकॉर्ड उपलब्ध नाही, असा दाखला देतो. चालेल?"
रेकॉर्ड आमच्या दोघांच्या मधे उघडं होतं.
मी नक्कल मागितली. वीस रुपये, पावती नाही.

घरी आईनं चष्मा पुसला.
स्वतःच्या ओळीवरून सरळ पुढे गेली
आणि अंगठ्यापाशी थांबली.
दशम्या पुरल्या का, विचारलं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"याचा भेरू होता की आमच्या शाळेत.
आत नाही, पायरीवर बसायचा. पाटी मांडीवर.
एक जुलैच त्याचाही.
सव्वीस नव्हतो रे आम्ही,
सत्तावीस."

नक्कल तिनं घडी न घालता
पोथीखाली ठेवून दिली.