कुलूप किंचित उचलून

कुलूप किंचित उचलून किल्ली फिरव, ऋजुता,
नाहीतर शटर अर्ध्यातच अडतं
आणि पोरं साडेचारपासून पायरीवर असतात,
दप्तरं पोटाशी धरून.

तुझी पदवी पाहिली मी. चांगली आहे.
संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना असतो, ‘आवश्यक कौशल्ये’,
त्यात सहा वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं
संवाद, नियोजन, नेतृत्व.
खोटं नव्हतं ते.
पण तेव्हा मला तुर्भे स्टोअरला
कॅरमची पावडर कुठे मिळते एवढंही ठाऊक नव्हतं.
रेशन दुकानाच्या मागे. उधारी ठेवू नकोस.

मल्लेशला विचारू नकोस, जेवलास का.
तो हो म्हणतो. नेहमीच हो म्हणतो.
त्याला म्हणायचं, हे चणे पुरतील का बघ रे जरा,
आणि आपण फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं.
फळा पुसायला दोन मिनिटं लागतातच.

साबिहा धाकट्याला कडेवर घेऊन येते.
त्याचं नाव हजेरीत नाही.
ऑफिसातून कुणी आलं की म्हणेल, हा नियमात बसत नाही.
नाहीच बसत. मांडीवर बसतो.
तो तुझ्या मांडीवर असला
की तिला अपूर्णांक येतात.

भांडण लागलं तर धावू नकोस, चालत जा.
मोठं माणूस धावताना दिसलं
की या गल्लीला वाटतं, तोडायला गाडी आली.

यल्लप्पा बसल्या बसल्या झोपेल.
रात्री मार्केटात कांद्याच्या गोणी ओढतो,
चौदाचा आहे, अठरा सांगतो.
झोपू दे. पण त्याच्या बापाकडे जायचं राहिलंय माझं,
ते तुझ्याकडे आलं आता.
रागाने जाऊ नकोस, चहाच्या वेळेला जा,
आणि पहिल्या खेपेला काहीच मागू नकोस.

आता वही मिट. हे नुसतं ऐक.

कावेरी म्हणून एक होती, सातवीतली.
चटया गुंडाळता गुंडाळता तिने मला काही सांगितलं.
आधी विचारलं, ताई, कुणाला सांगणार नाही ना?
मी म्हटलं, नाही.
आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिच्या आईला.
कुणाला तरी सांगायला हवंच होतं, आजही तेच म्हणेन,
पण त्या ‘नाही’च्या जागी म्हणायला हवं होतं,
असं वचन मी देत नाही गं,
तू सांग, मग पुढचं दोघी मिळून ठरवू.
एवढंच वाक्य.
माझ्याकडे नव्हतं ते तेव्हा.

शुक्रवारपासून ती आली नाही.
दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाला गेले, यादगीरकडे.
नंबर लागेना. मी फोन करत राहिले,
ज्यांना करायला हवे होते त्या सगळ्यांना, उशिरा.

दर महिन्याला हजेरीचं नवं पान आखते
तेव्हा तिचं नाव लिहिते अजून,
पुढे तीस रिकामे चौकोन.
तू काढलंस तरी चालेल.

नको. राहू दे.

खाणीकडून धूळ येते, पुस्तकं झटकून ठेव.
पंखा तीनवर नेऊ नकोस, खडखडतो.
सात म्हणजे इथे सव्वासात,
कारण सगळे गेले तरी एक जण रेंगाळतो,
चप्पल सापडत नाही म्हणतो, चप्पल पायातच असते.
दर आठवड्याला तो निराळा असतो.
घरी का जायचं नाही, हे तिथल्या तिथे विचारू नकोस.
म्हण, शटर जड आहे रे, हात लाव.

जड नाहीये ते.
एका बोटाने येतं खाली.
हे मात्र त्यांना सांगायचं नाही.